गावाच्या भाच्याचे मोजे

माझ्या वडिलांचा पाय जळत होता आणि त्याचा वास घरातल्या सगळ्यांना आला, फक्त त्यांना सोडून.

गेल्या हिवाळ्यातली सकाळ. गोंदियाजवळच्या आमच्या कामठा गावातल्या घरात ओसरीवर गोरसी पेटलेली होती. गोरसी म्हणजे मातीची पसरट शेगडी. तळाशी गोवरीचा विस्तव ठेवायचा, वर धानाचा कोंडा पसरायचा, की तो दुपारपर्यंत धुमसत राहतो. बाबूजी खुर्चीत बसले होते, दोन्ही तळपाय गोरसीच्या काठावर टेकवलेले, आणि आल्यागेल्याला कुठल्याशा वरातीची फजिती सांगत होते. गोष्ट रंगात आली की त्यांचे हात वाऱ्यावर उडतात, डोळे मोठे होतात, आणि ऐकणाऱ्याचा चहा निवून जातो. हा रोग मलाही आहे, तो कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

स्वयंपाकघरातून माझ्या बायकोचा आवाज आला, "काय जळून राहिलं जी?"

"तुही भाजी पाह्य," बाबूजी म्हणाले, आणि वरात पुढे नेली.

"भाजी तं मी अजून चिरूनच राहिली!"

मग आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. डाव्या पायाची करंगळी कोंड्यात रुतली होती. बाबूजींनीही पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, नवल होतं. दुसऱ्याच कुणाचा पाय आपल्या खुर्चीखाली कसा आला, असं.

साखरेचा आजार त्यांना जुना. पाय बधिर होत चालल्याचं आम्हाला ऐकून माहीत होतं, पण ऐकून माहीत असणं वेगळं. गोंदियाच्या डॉक्टरांनी करंगळी काढली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ये पैर अब खबर नहीं देता. आग लगे, काँटा लगे, चुप बैठेगा. इसकी तरफ से आप लोगों को बोलना पड़ेगा." मग नियम सांगितले. विस्तव नाही. गरम पाण्याची पिशवी नाही. ओल नाही. गारठाही नाही. पाय कोरडे आणि उबदार ठेवायचे, सैल, मऊ मोज्यांत. आणि शेवटी, चष्मा पुसता पुसता, "अगली बार उँगली नहीं, पंजा जाएगा."

मोजे! मला रडावं की टाळी वाजवावी कळेना. गोंदियाच्या बाजारात माझं दुकानच गंजीफ्रॉक, मफलर, कानटोप्या आणि मोज्यांचं. अर्ध्या जिल्ह्याच्या पायांत मी मोजे चढवलेत. शाळेतल्या पोरांच्या, पोलिसांच्या, नवरदेवांच्या. देवरीच्या जंगलातून बसनं येणारी गिऱ्हाइकं थंडीत माझ्याकडून गठ्ठेच्या गठ्ठे नेतात. आणि माझा बाप जन्मभर अनवाणी. मोजे म्हणजे साहेबाच्या आणि आजाऱ्याच्या पायात घालायची वस्तू, असं त्यांचं ठाम मत.

त्या हिवाळ्यात करंगळीची जखम भरेपर्यंत ते चुपचाप बसले. खरा सामना झाला तो या हिवाळ्यात.

थंडी पडली आणि बाबूजींचे पाय गार पडायला लागले. ही त्या आजाराची गंमत बघा. बाहेरून विस्तव लावला तरी कळत नाही, पण आतून हाडात बर्फ भरल्यासारखं वाटतं. माणूस विस्तवाकडे जाणार नाही तर काय करणार? मी गोरसी उचलून गोठ्यात ठेवली. बाबूजी गोठ्यात जाऊन बसले. मी ती गच्चीवर चढवली. बाबूजी शेजारच्या गोरसीवर जाऊन बसले. मी शेजाऱ्यांना ताकीद दिली, तर त्यांनी पलीकडची गल्ली गाठली. सकाळी दुकानाला निघायच्या आधी मी गावभर बाप शोधत हिंडायचो आणि लोक मला कोंबडा हरवलेल्या माणसासारखं विचारायचे, "सापडले का?"

मग मोज्यांचे प्रयोग सुरू झाले. सुती मोजे घातले तर दवात पाय ठेवताच ओल धरायचे आणि दिवसभर ओलेच राहायचे. ॲक्रिलिकचे, जे मी स्वतः तोंडभर स्तुती करून विकतो, ते दिसायला लोकर. आत पाय घामेजायचा, घामाचा गारवा व्हायचा, आणि वास असा की मांजर ओसरीवरून उठून गेलं. मेंढीच्या लोकरीचे आणले. पावलांना काही कळत नव्हतं, पण पोटऱ्या जिवंत होत्या. त्या खाजायला लागल्या. बाबूजींनी चमचा घेऊन मोज्यात घातला आणि खसाखसा खाजवलं. मी चमचा हिसकावून घेतला. पोटरीखाली चमचा घसरला तर पाय सांगणार नव्हता.

मोज्याच्या लवचीक पट्टीची खूण पोटरीवर उमटली ती पाहून डॉक्टरांनी मलाच झापलं. "आप तो दुकानदार हो ना?"

मी हात टेकले. दुकानात बसून, मला माल देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला आणि त्याच्यापुढे सगळी कर्मकहाणी ओतली. तो म्हणाला की त्याच्याकडे मोहेरच्या मोज्यांचे काही नमुने पडलेत, सैल काठाचे, इकडे कोणी विचारत नाही म्हणून कोपऱ्यात आहेत. मोहेर! माल हाताळून आयुष्य गेलं, पण हे नाव मी फक्त महागड्या शालींच्या संदर्भात ऐकलेलं. पाठव म्हटलं, आजच पाठव.

ते येईपर्यंत मी त्याची सगळी माहिती काढली. विकायच्या मालाची माहिती काढायची मला सवय आहे, आणि या वेळी गिऱ्हाईक घरचंच होतं, जगातलं सगळ्यात चिवट. पार्सल आलं त्या सकाळी मी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि ओसरीवर उभा राहिलो, गमछा खांद्यावर.

"बाबूजी, हे बकरीच्या केसांचे आहेत."

बाबूजींनी मोजा नाकाशी नेला. "बोकडाचा वास तं येत नाई."

"आपली बकरी नव्हे. तुर्कस्तानातली. तिथं अंकारा नावाचं शहर आहे, त्याच्या आसपास उंच माळ, थंडी अशी की दात वाजतात. तिथल्या बकरीच्या अंगावर अशा बटा लोंबतात." मी गमछ्याच्या दशा पिळून पिळून दाखवल्या. "पांढऱ्या, कुरळ्या, रेशमासारख्या चमकणाऱ्या. वर्षातून दोनदा भादरायचं. पहिल्यांदा भादरलेल्या पिल्लाचे केस सगळ्यांत मऊ. अंकाराचं जुनं नाव अंगोरा, म्हणून ही अंगोरा बकरी; लोक अंगोरा सशाच्या लोकरीशी गोंधळ करतात, पण हिच्या केसांचं नाव मोहेर."

"अन् मंग इतक्या दुरून इथं काऊन आली?"

"तीच तर गंमत! तिथल्या सुलतानानं म्हणे सांगून ठेवलं होतं, बकरी देशाबाहेर जाऊ द्यायची नाही. पुढं कधीतरी काही बोकड आणि एक बकरी जहाजात चढवली, आफ्रिकेला न्यायला. पण पाठवणारे लबाड. बोकड सगळेच्या सगळे खच्ची करून दिले."

बाबूजी ताठ बसले. जन्मभर बकऱ्या पाळलेला माणूस. "अन् बकरी?"

"बकरी गाभण होती. जहाजातच व्याली. नर पिल्लू झालं."

बाबूजी असे हसले की खुर्ची करकरली. "म्हंजे साऱ्यायले बुद्धू बनवलं तिनं!"

"आज जगातलं बहुतेक मोहेर आफ्रिकेतून येतं. लोक सांगतात, सुरुवात त्या एका पिल्लापासून."

हसू ओसरलं तसा त्यांनी मोजा हातात उलटसुलट केला. मग म्हणाले, "त्याचा बाप कोन, हे मंग कोनी इचारलं नाई ना?"

"नाही. कोण विचारणार?"

"बराबर आहे," ते म्हणाले, आणि पाय पुढे केला.

मी तुम्हाला सांगतो, तो मोजा मी बोटाबोटानं पुढे सरकवत नेला. आणि मोजा चढला! काठ सैल, तरी घसरत नव्हता. या केसावरचे खवले इतके बारीक की केस गुळगुळीत लागतो, म्हणून पोटरी खाजली नाही. ओल स्वतः पिऊन घेतो पण पायाला ओलं लागू देत नाही, म्हणून घामाचा गारवा नाही. वास धरत नाही, म्हणून मांजर परत आलं. मेंढीच्या लोकरीसारखा धुण्यात आटत नाही, तरी बायको तो गार पाण्यात हलक्या हातानं धुवायची आणि पिळायची नाही, सावलीत वाळत घालायची. संध्याकाळी मी मोज्यात हात घालून पाहायचो. पाय कोरडा, आणि ऊबदार. नुकत्या उठलेल्या माणसाच्या उशीसारखा.

गच्चीवरची गोरसी कोणी खाली मागितली नाही. बाबूजी ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गाभण बकरीची गोष्ट सांगायला लागले. त्यांच्या गोष्टीत जहाजाला वादळ लागलं, सुलतानाचे शिपाई मागे धावले, आणि बकरी बोलायचीसुद्धा. मी काही दिवस सुखानं दुकानाला गेलो. शिट्टी वाजवत. खरंच.

मग मळणीचे दिवस आले.

आता इथं आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. वयानं मामा पिकला असो आणि भाचा रांगता असो, वाकायचं मामानंच. भाच्याला, गावच्या बोलीत भाशाला, देवाचा मान. लग्नात त्याचे पाय धुवायचे, आणि आमच्या गावात खळ्यावरची पहिली रास हलवण्याआधीही भाच्याचे पाय धुवायचे, मग धानाला हात लावायचा. आता माझे बाबूजी कोण? माझे आजोबा या गावात घरजावई आले. आजीचं माहेर हेच. त्यामुळे बाबूजी जन्मले तेच आपल्या मामांच्या गावात, आणि गावाच्या नात्यानं निम्मं गाव त्यांचं मामा लागतं. सगळ्यांचा भाचा एकच, तोही हाताशी. दुसऱ्या गावाहून आणायची गरज नाही.

तेव्हा मळणी सुरू झाली की खळ्याखळ्यावरून बोलावणं यायचं. "भाशाले घेऊन या." पहाटेचा गारठा, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी, पितळेची परात. बाबूजी परातीत उभे राहायचे आणि लोक वाकायचे.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मोज्यांच्या आनंदात मी विसरलो होतो. एका सकाळी दुकानाला जाताना गावाबाहेरच्या खळ्याजवळ गाडी थांबवली. मळणीयंत्राच्या मागे, पेंढ्यांच्या आडोशाला, पेटवलेल्या कोंड्याच्या ढिगाशी बाबूजी बसलेले. पाय उघडे, ओले, धगीपासून वीतभर अंतरावर. दोन्ही मोजे सदऱ्याच्या खिशात, नीट घडी करून.

मी ओरडलो. माणसं यंत्र थांबवून बघायला लागली.

"बोंबलू नको," बाबूजी म्हणाले. "पाय वाळवून राहिलो."

"पुसायचे ना! मोजे घालायचे ना! विस्तवाशी कायले?"

"पुसले. पन आत गारठा भरला त्याचं काय करू?"

"मग पाय धुवूच देऊ नका. सांगा त्यांना, मोजे घातलेत, वरून हात लावा."

बाबूजींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांना धोतर सोडायला सांगितलं. मी गाडीवर त्यांना घरी आणलं. ओसरीवर बसल्यावर म्हणाले, "या गावात तुह्या आज्याचं तोंड कोनी सकाळी पाहत नव्हते. घरजवाई म्हनून. पंगतीत शेवटी बसवत होते त्याले. मले त्याच लोकायनं परातीत उभं केलं, मी एवढासा असताना. माहे पाय धुतले. तुहा आजा कोपऱ्यात उभा राहून पाहत होता. तू म्हनतोस मोजे घालून उभा राहू?"

मी, जो गिऱ्हाईकाला उन्हाळ्यात कानटोपी विकतो, खाली बसून त्यांच्या पायांत मोजे चढवू लागलो.

पण डॉक्टरांचं वाक्य डोक्यातून जाईना. बाबूजींना समजावता येत नव्हतं, म्हणून मी गावाला समजवायला निघालो. घरोघर. हात जोडून. नाटकी माणूस आहे, एकदोन ठिकाणी डोळ्यांत पाणीही आणलं, ते खरं होतं हे मात्र कोणाला कळलं नसेल. सगळ्यांत आधी गेलो लहान मामांकडे. हे आजीचे सगळ्यांत धाकटे भाऊ, बाबूजींहून जेमतेम मोठे. लहानपणी दोघं एकाच तळ्यात डुंबले, एकमेकांना यथेच्छ बदडलं, आणि सणाच्या दिवशी फुटक्या नाकानं हे त्यांच्या पाया पडायचे.

"मामा, त्यांच्या पायाला थंड पाणी लागू देऊ नका. गारठले की ते विस्तवाकडे पळतात. पाय जाईल त्यांचा."

लहान मामा विळ्याला धार लावत होते. थांबले. "पाय जाईन?"

"डॉक्टर म्हणाले."

"मंग पाया कोनाच्या पडाचं?" त्यांनी विचारलं, आणि मला कळेना हे थट्टा करतायत की काय. मग विळा खाली ठेवून म्हणाले, "थंड पानी नाई लागू देत. तू जाय. माह्या खळ्यावर मीच पाहतो."

मी हलका होऊन घरी आलो. गाव समजूतदार निघालं होतं. ज्यांच्या ज्यांच्याकडे गेलो, सगळे म्हणाले, थंड पाणी नाही.

लहान मामांच्या खळ्यावर मला पोचायला उशीर झाला. आधी दुकानात माल उतरवून घ्यायचा होता. पोचलो तेव्हा परात ठेवलेली, बाबूजी आत उभे, धोतर गुडघ्यापर्यंत उचललेलं, चेहऱ्यावर तेच जुनं ऐटबाज हसू. आणि लहान मामा वाकून लोट्यानं पाणी ओतत होते. पाण्यातून वाफ निघत होती.

मी धावलो. "काय ओतून राहिले?"

"गरम आहे, थंड नाई," मामा अभिमानानं म्हणाले. "स्वतः तापवलं."

"थांबा!"

"अरे, हात घालून पाह्यला मी. कोमट आहे."

मी परातीत बोट बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं. मग मामांच्या हाताकडे बघितलं. आयुष्यभर नांगर, धानाच्या पऱ्ह्याची रोपं आणि विळा धरलेला हात, तळवा बैलगाडीच्या चाकासारखा. त्या हाताला ते पाणी कोमटच लागलं असणार. आणि बाबूजींच्या पायाला ते काहीच लागत नव्हतं. वर बघितलं तर बाबूजी हसतच होते. "काय झालं?" त्यांनी मला विचारलं. "काऊन ओरडून राहिला?"

उजव्या पायाच्या वरच्या बाजूला कातडी आधी लाल झाली, मग गोंदियाच्या वाटेवर फुगली. तळहाताएवढा फोड. डॉक्टरांनी आम्ही गुंडाळलेलं फडकं सोडवलं, बघितलं, आणि या वेळी चष्मा पुसला नाही. म्हणाले, आतपर्यंत गेलं नसेल तर वाचेल. पट्टी बदलत राहायचं, लाली घोट्याच्या वर चढली तर त्याच क्षणी घेऊन यायचं. "दुआ करो," असं डॉक्टर म्हणतात तेव्हा घरच्यांनी काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून मी रोज पेननं लालीच्या कडेला रेघ ओढतो. रोज सकाळी बघतो, लाली रेघेच्या कुठल्या बाजूला आहे. एक दिवस ती रेघेच्या बाहेर दिसली आणि मी दुकानाच्या चाव्या हातात घेऊन ओसरीवर खाली बसलो. बायकोनं येऊन पाहिलं आणि म्हणाली, "रेघ पुसट झाली जी, लाली नाई वाढली." मग आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. गंमत सांगायला मला फार आवडतं, पण त्या सकाळी माझ्याकडे एकही नव्हती.

डाव्या पायात मोहेरचा मोजा घातलेला, उजवा पट्टीत. बाबूजींनी गोष्टी सांगणं थांबवलं होतं. ओसरीवर कोणी येऊन बसलं तरी बकरी जहाजात चढायची नाही. पट्टी बघून लोक पायरीवरूनच परत जायचे. कोणी वाकायचं नाही. ज्या गावाला मी हात जोडून सांगितलं होतं, ते आता लांबूनच नमस्कार करायचं, आणि बाबूजी दिवसेंदिवस खुर्चीत खोल रुतत चालले होते. मला दिसत होतं, पाय राहिला तरी हा माणूस या थंडीत संपेल.

लहान मामा त्या दिवसानंतर आलेच नव्हते. मग एका सकाळी बायकोनं सांगितलं, अंगणातल्या चिंचेखाली कोणीतरी बसलंय. मी बाहेर डोकावलो. मामा घोंगडं पांघरून मातीत बसलेले.

"आत या ना, मामा."

"नाई."

बाबूजींनी ओसरीवरून आवाज दिला, "कायले भिकाऱ्यासारखा बसला बे, मामा? ये इकडं!"

मामा आले, पण पायरीखालीच उभे राहिले. "तुह्या पायाले हात लावाची माही लायकी राहिली नाई, भासा."

"लायकी तुही कवा होती? माहा पतंग कोन फाडला होता?"

मामा हसले नाहीत. घोंगड्याचं टोक पिळत राहिले. बाबूजी खुर्चीत पुढे सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "एक सांगू का? तुहा हात मले लागतच नाई. लई वर्सं झाली. कोनाचाच लागत नाई."

मामांना कळायला वेळ लागला. मलाही लागला.

"मंग परातीत कायले उभा राहत होतास?"

"तू वाकत होतास ते दिसत तं होतं ना." बाबूजींनी मान वळवली. "पाय कोरडेच राहिले असते तं लोक म्हनले असते, भाशाचे पाय मेले. मेलेल्या पायाची पूजा कोन करन?"

मी वडिलांना आयुष्यभर गोष्टी सांगताना ऐकलं आहे. ही त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. ज्या मानासाठी ते मोजे उतरवून गार पाण्यात उभे राहायचे, त्यातला एकही स्पर्श त्यांना पोचत नव्हता. वाकलेल्या पाठी दिसत होत्या, तेवढंच.

मामा पायरी चढून वर आले आणि खाली बसले. गुडघे कटकट वाजले. त्यांनी डावा पाय मांडीवर घेतला, मोजा नीट वर ओढला, घोट्यावरची सुरकुती सरळ केली, आणि मोज्याला दोन्ही हात लावून डोकं टेकवलं. मग मान वर करून म्हणाले, "थंडीत देवाच्या मूर्तीवर शाल टाकतो. मंग का शाल काढून पाया पडतो? साऱ्या गावाले सांगतो मी. भाशाचे पाय झाकूनच पडाचे."

"अन् परात?"

"परात माह्या घरी उभी करून ठेवतो. कोनी मागितली तं मले भेटा म्हना."

बाबूजी मान खाली घालून पाहत होते. मामांच्या पाठीकडे, विरळ पांढऱ्या केसांकडे, आपल्या पायावरच्या त्या बोटांकडे. मला वाटलं ते आता रडतील. पण म्हणाले, "हळू, लेका. मोजा ताणून राहिलास."

मग मामांनी उजव्या पायाकडे, पट्टीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. विचारलं, "हा राहीन का रे?" कोणाला विचारलं कळेना, मला की भाच्याला. मी सांगितलं, उद्या सकाळी डॉक्टरकडे न्यायचं आहे, फोडाखाली नवी कातडी धरते आहे की नाही ते त्यांनी पाहिल्यावरच कळेल.

त्या जोडीतला दुसरा मोजा दोरीवर वाळत होता. बाबूजींनी माझ्या बायकोला तो आणायला सांगितला, हातात घेऊन आत हात घालून पाहिला, कोरडा आहे का ते. मग माझ्याकडे दिला.

"उद्या सोबत घेजो," ते म्हणाले. "येताना घालाले लागन."